पंपाचं सील बदलताय? मी केलेल्या या चुका टाळा

आधी माझा सगळ्यात मोठा गाढवपणा सांगून टाकतो. आमच्या बडोद्याच्या घरी नळाचं पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, ते खालच्या टाकीत साठवायचं आणि एक एचपीच्या मोनोब्लॉकने (पंप आणि मोटर एकत्र असलेल्या पंपाने) गच्चीवर चढवायचं, तर त्या पंपाच्या पोटाखाली, पंप आणि मोटर जिथे जोडतात तिथे एक छोटं भोक आहे, त्यातून एक दिवस पाणी ठिबकायला लागलं. मी एम-सील (गळती बुजवायची पुट्टी) मळलं आणि भोक बुजवलं. लीकेज बंद! बायकोला कौतुकाने दाखवलं पण. दहा-बारा दिवसांनी मोटर अशी ओरडायला लागली की शेजारचे काका विचारत आले, चक्की बसवली का रे घरात.

ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. सील, म्हणजे मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) पंपात शिरतो तिथे पाणी अडवणारा भाग, ते गळलं की पाणी तिथून खाली पडावं, शाफ्टवरून मोटरकडे जाऊ नये म्हणून. मी वाटच बंद केली, पाणी सरळ बेअरिंगमध्ये. काही ठिकाणी रंगकामवाले पुट्टीने बुजवून जातात, एकदा खाली वाकून बघून घ्या.

दुसरं म्हणजे ओलं दिसलं की सीलच गेलं असं धरून चालू नका. पंप कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा, चालू करा आणि बघा पहिला थेंब कुठे पडतो. केसिंगचं (पंपाच्या कवचाचं) गॅस्केट, ड्रेनचा प्लग, वरच्या पाइपचे आटे, यातलं काहीही असू शकतं, आणि पाणी ओघळत ओघळत नेमकं मधोमध येऊन पडतं त्यामुळे बिचाऱ्या सीलवर आळ. उलटंही होतं. टाकी पंपाच्या खाली असेल तर गेलेलं सील कधी कधी पाणी न गाळता हवा ओढतं. मग रोज प्रायमिंग करा (पंपात पाणी ओतून भरा), फूटव्हॉल्व्हला (पाइपच्या तळाशी पाणी अडवून धरणाऱ्या झडपेला) शिव्या द्या, फूटव्हॉल्व्ह बदला, आणि दोष सीलचाच निघतो.

खोलताना मेन स्विच बंद, एवढ्यावर थांबू नका, सिंगल फेज मोटरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्याच्या डब्यात हात घालायचा असेल तर तो चार्ज आधी उतरवून घ्या नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) आट्यांवर असेल तर शाफ्ट धरून ठेवावा लागतो. लोक मागचा पंखा धरतात, तो प्लास्टिकचा, पातं तुटलंच समजा. बऱ्याच मोटरींना मागे जाळी काढली की शाफ्टच्या टोकाला खाच असते, त्यात स्क्रू ड्रायव्हर बसतो. इम्पेलर जाम असेल तर एका बाजूने उचकटू नका, कडा उडते. गंज सोडवायचा स्प्रे मारा, चहा पिऊन या.

आता सील. त्यात मुख्य दोन तोंडं असतात, एक कार्बनचं, शाफ्टबरोबर फिरणारं, आणि एक सिरॅमिकचं, पांढरं, बॉडीत रबरी वाटीत बसलेलं. मागून स्प्रिंग दाबते. ही दोन तोंडं इतकी सपाट घासलेली असतात की मध्ये पाण्याचा जेमतेम पातळसा थर राहतो, आणि त्या थरावरच सील फिरतं. आणि मी काय केलं? पाकीट फोडलं, तोंडावरून अंगठा फिरवला (किती गुळगुळीत आहे बघायला!) आणि वर छान ग्रीस फासलं, कारण आपल्याकडे फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की ग्रीस. बोटाचा तेलकटपणा, धुळीचा एक कण, एवढं पुरतं. शिवाय रबर कुठलं आहे ते बघावं लागतं, इपीडीएम असेल तर पेट्रोलियम ग्रीसने फुगतं. रबराला साबणाचं पाणी लावा, बस. सिरॅमिक बसवताना हातोडी नाही, स्वच्छ कापड ठेवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायचं, चकचकीत बाजू आपल्याकडे.

साइजचा घोळ तर विचारूच नका. माझा पंप जुना, शाफ्ट पाच सूत, म्हणजे 15.875 मिलिमीटर. दुकानात सोळाचं दिलं, "चालशे साहेब". हाताने सहज सरकलं तेव्हाच शंका यायला हवी होती. फरक फक्त सव्वाशे मायक्रॉनचा, पण रबराने शाफ्ट पकडलाच नाही आणि पाणी तोंडातून न येता रबराखालून यायला लागलं. जुनं सील सगळ्या तुकड्यांसकट डबीत घालून न्या, व्हर्नियर लावून मोजायला सांगा, आणि उंचीही शेजारी शेजारी ठेवून जुळवा. उंची कमी तर स्प्रिंग दाबत नाही, जास्त तर तोंडं तापतात.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. चार महिन्यांत मी तीन सीलं घातली. मिस्त्री आला की म्हणायचा, "सील तो नवुं ज छे", आणि खरंच नवंच होतं. तिसऱ्या वेळी केसिंग काढून सहज शाफ्ट वर-खाली हलवला तर तो हलला. अगदी बारीक, डोळ्याला दिसणार नाही, बोटाला कळेल इतका. माझ्या एम-सीलच्या कर्तबगारीने बेअरिंग गेलेलं आणि मी त्याच्यावर नवीन नवीन सीलं चढवतोय! शाफ्ट डगमगला की दोन तोंडं प्रत्येक फेऱ्याला एकमेकांपासून सुटणार, मिनिटाला अठ्ठावीसशेच्या आसपास फेरे, सील काय करणार. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो (माझं 6203 निघालं), तोच आणा, आणि शाफ्टवर पाणी उडवणारी रबरी चकती असते ती परत घालायला विसरू नका. शाफ्टवर सीलच्या जागी गंजाचे खड्डे किंवा उभा ओरखडा असेल तर तीही वाटच आहे पाण्याला. 400 नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवून मारा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. खड्डे नखाला लागत असतील तर लेथवाल्याकडेच जा, आपल्याकडे बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तोटा नाही.

बसवून झालं की सगळ्यांना एक खाज असते, "जरा फिरवून बघू". पाण्याशिवाय. नको! पाणी नाही म्हणजे तो पातळ थर नाही, कार्बन आणि सिरॅमिक कोरडे घासतात, बघता बघता तापतात, आणि मग गार पाणी पडलं की सिरॅमिक तडकतं. आधी हाताने फिरवा, पाणी भरा, हवा काढा, मगच स्विच. खालची टाकी रिकामी असताना पंप चालू राहिला तरी तेच, फ्लोट स्विच (टाकी रिकामी झाली की पंप बंद करणारा) लावून टाका. सुरुवातीला थोडं पाझरलं तर घाबरू नका, तोंडं बसली की थांबतं. अर्ध्या तासानेही थांबलं नाही तर परत खोला.

ऑगस्ट 2024 च्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरात ज्यांचे पंप बुडाले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मोटर वाळवली, वाइंडिंग तपासलं आणि चालू केलं, सीलमधला गाळ तसाच. तो गाळ पॉलिश पेपरचंच काम करतो.

आणि हे सगळं मेकॅनिकल सीलचं झालं. जुन्या मोठ्या पंपांना सीलऐवजी शाफ्टभोवती दाबून बसवलेली ग्लँडची दोरी असते, तिथे नियम उलटा. तिला थेंब हवेच, मिनिटाला साधारण 40 ते 60, तेच तिचं गारवण आणि तेच तेलपाणी. मालवणला मावसभावाच्या होडीला पंख्याच्या शाफ्टवर हेच असतं, चालताना दोन-चार थेंब आत येतातच, मी पहिल्यांदा बघून ओरडलो तर तो हसला. दोरी बदलताना जुन्यावर एक वेढा चढवू नका, सगळी उकरून काढा, प्रत्येक कडं वेगळं तिरकं कापा, सांधे एकावर एक येऊ देऊ नका. नट आधी हाताने, मग पंप चालू ठेवून थोडा थोडा, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबत. आमच्या सोसायटीच्या पंपाला कोणीतरी थेंब बंद होईपर्यंत आवळला होता, दोरी जळली आणि शाफ्टवर चर पडले. आता खाली डबा ठेवलाय, वॉचमनला सांगितलंय, भरला की झाडांना ओत, पान्याला हात लावू नकोस.