विंडसर्फिंगचं शीड घरी ठेवताना या चुका टाळा

लातूरहून गोव्याचा किनारा गाडीने अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे. विंडसर्फिंगसाठी, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याने पाण्यावर सरकायला, माझं जाणं होतं दिवाळीनंतर, मार्चपर्यंत दोन-तीनदा. म्हणजे शीड वर्षातले पंधरा-वीस दिवस पाण्यावर असतं आणि उरलेलं वर्ष घरात. किनाऱ्यावर शिकताना मीठ आणि वाळू सांभाळायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण मराठवाड्यात राहणाऱ्याचं शीड बहुतेक वेळा घरातच खराब होतं. पत्र्याची धग, गच्चीवरचं ऊन, बोअरचं पाणी आणि उंदीर, ही आपली खरी काळजी.

पत्र्याखालचा माळा

मला सगळ्यात महाग पडलेली चूक ही. पहिलं शीड जुनं घेतलेलं होतं, साडेपाच चौरस मीटरचं. मार्चमध्ये परत आलो तेव्हा घरात लगीनघाई होती, म्हणून ते पत्र्याच्या खोलीच्या माळ्यावर टाकलं. नंतर कुणीतरी त्यावर गाद्या रचल्या. नोव्हेंबरमध्ये उलगडलं तर पारदर्शक भागावर लाटा उठलेल्या आणि गाद्यांच्या दाबाने पडलेल्या घडीची पांढरी रेघ आरपार गेलेली. किनाऱ्यावर डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ताणणारी दोरी, ओढला आणि त्याच रेघेवर ते टर्रकन फाटलं. चारशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकून गेलो होतो. ते दोन दिवस वाळूवर बसून काढले.

कारण साधं आहे. शिडाचा पारदर्शक भाग पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचा असतो. ही फिल्म साधारण ७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि दाबाखाली असेल तर त्याच्या आधीच आकार धरू लागते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४२-४३ अंश असतात. दुपारी पत्र्याला हात लावून बघा. उन्हात उभ्या गाडीची बंद डिक्की तशीच तापते, काळी पिशवी तर आणखी. म्हणून शीड पक्क्या छताच्या, खालच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवा. दिवाणाखाली उत्तम, तिरकं ठेवावं लागलं तरी चालेल. वर काहीही रचू नका. कूलरच्या तोंडासमोरही नको, तिथली ओल पिशवीत शिरते.

गच्चीवर वाळत घालणं

कुरडया-पापड गच्चीवर वाळतात, मग शीडही तिथेच नेण्याकडे हात वळतो. तो आवरा. उन्हातल्या अतिनील किरणांनी फिल्म आधी दुधाळ होते, मग कडक, आणि शेवटी पापडासारखी तडकते. शिलाईचा दोराही उन्हाने कुजतो, तो तर दिसतही नाही. आपली हवा इतकी कोरडी आहे की हिवाळ्यात सावलीतल्या व्हरांड्यात तासाभरात शीड वाळतं. वारा असताना दोरीला बांधून फडफडत मात्र ठेवू नका, फडफडीने फिल्मला बारीक बारीक घड्या पडतात.

अपवाद मास्टच्या बाहीचा, म्हणजे शिडाचा खांब ज्यात घालतात त्या कापडी नळीचा. ते कापड जाड आणि दुहेरी असतं, बाहेरून कोरडं लागलं तरी आत पाणी धरून राहतं. बाहीचं तोंड खाली करून रात्रभर ठेवा, आत एखादी बारीक काठी घातली तर हवा खेळते. श्रावणात कुबट वास किंवा काळे ठिपके दिसले तर त्यांचा उगम बहुतेक इथेच असतो. सौम्य साबणाच्या पाण्याने स्पंजने पुसा, सावलीत वाळवा. ब्लीच वापरू नका.

पाणी कुठलं आणि किती

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस बघितलेल्या माणसाला अंगणात नळी सोडून शीड धुणं जमत नाही, आणि जमूही नये. मी किनाऱ्यावरून निघण्याआधी, मुक्कामाच्या जागीच दोन बादल्यांत काम उरकतो. पहिल्या बादलीत स्पंज भिजवून मीठ पुसायचं, दुसरीतल्या स्वच्छ पाण्याने परत एकदा. बाही, कप्पी आणि बॅटनच्या (शिडात आडव्या बसवलेल्या पट्ट्यांच्या) टोकांवर जरा जास्त वेळ द्या. मिठाचे खडे हवेतली ओल ओढून घेतात आणि गुंडाळीत फिल्मवर घासत राहतात, म्हणून ते घरापर्यंत आणायचेच नाहीत.

घरी धुवावंच लागलं आणि पाणी बोअरचं असलं तर शीड आपोआप वाळू देऊ नका. त्या जड पाण्यातले क्षार फिल्मवर पांढरे डाग सोडतात. लगेच कोरड्या सुती कापडाने पुसा. डाग पडलेच असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून मऊ कापडाने पुसा, मग साध्या पाण्याने. घासणी अजिबात नको.

गुंडाळताना

शीड सोडताना आधी आउटहॉल (शीड मागे ताणणारी दोरी) ढिला करायचा, मग डाउनहॉल. खाली सतरंजी अंथरा, मुरमाड अंगणात थेट पसरू नका. वरच्या टोकापासून खाली गुंडाळत या, बॅटन गुंडाळीला समांतर राहिले पाहिजेत. गुंडाळी सैल ठेवा. घडी कधीच घालू नका. कॅमवालं शीड (बॅटन मास्टला टेकवणारे प्लॅस्टिकचे चिमटे असलेलं) असेल तर गुंडाळताना कॅमशी कापड दुमडत नाही ना, ते हाताने चाचपा. उन्हाळ्यासाठी ठेवताना मी बॅटनचा ताणही थोडा उतरवतो.

उंदीर

तुरीची पोती असलेल्या घरात हा विषय हसण्यावारी नेऊ नका. मास्टची बाही उंदराला बिळासारखी वाटते. ओळखीतल्या एका घरी बाहीत कापसाच्या बोळ्यांचं घरटं निघालं आणि कापडाला मुठीएवढं भोक. पिशवीची चेन पूर्ण लावा, बाहीचं तोंड दोरीने बांधा आणि धान्याच्या खोलीत शीड ठेवू नका.

फाटलंच तर

खाकी पॅकिंग टेप लावू नका. आपल्या उन्हात तिचा गोंद वितळतो, फिल्मवर चिकटा राहतो आणि पुढे खरी टेपही धरत नाही. शिडाची पारदर्शक टेप वेगळी मिळते. फाटलेला भाग सपाट पाटावर घ्या, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. टेपचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. दोन्ही बाजूंनी लावा आणि चमच्याच्या पाठीने दाबून हवा काढा. विताएवढी चीर यात भागते. पण फिल्म दुधाळ झाली असेल आणि कडेला हलकं वाकवल्यावर तडकत असेल, तर टेपचे पैसे वाया जातील. तो तुकडाच बदलावा लागतो.

बाही किंवा कापडी भाग उसवला असेल तर मोंढ्याजवळचे ताडपत्री शिवणारे कारागीर उत्तम काम करतात, त्यांची मशीन जाड कापडाला सरावलेली असते. दोन गोष्टी आधी सांगा: दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती नको; आणि फिल्मवर बारीक टाके घालायचे नाहीत. जवळजवळ पडलेल्या भोकांच्या रेषेवर फिल्म पोस्टाच्या तिकिटासारखी सुटते. लांब, नागमोडी टाका मागा.

मास्टचे दोन भाग अडकले असतील तर त्यांच्यामध्ये वाळू आहे. सांध्यावर साबणाचं पाणी सोडा, दोघांनी दोन बाजूंना धरून उलट दिशांना पिळत पिळत ओढा. ठोकू नका, कार्बनला तडा जातो. परत जोडताना टोक ओल्या कापडाने पुसायचं, एवढ्याने हे टळतं.

खंडेनवमीला घरातली अवजारं पुसून पूजेला मांडतो, तेव्हा मीही शीड दिवाणाखालून काढून हॉलमध्ये पूर्ण उलगडतो. शिलाई, फिल्म, बाही हाताने तपासतो. तिथून दिवाळीपर्यंत तीन आठवडे मिळतात. कुरिअरने टेप यायला आणि मोंढ्यात शिलाई करून घ्यायला तेवढे पुरतात.