पाळण्याशेजारी मातीकाम
बाळ झोपलं की सलग हाती येतात जेमतेम २०-२५ मिनिटं. तेव्हा मूर्ती एका बैठकीत पुरी करायचा हट्ट सोडा आणि कधीही थांबता येईल अशी माती आधी तयार करा.

शेतातली काळी माती नको. वाळताना ती फार आकसते, तडकते. कुंभाराकडची तळ्याची माती आणा. ५ वाट्या मातीला १ वाटी चाळलेली बारीक रेती मिसळून मळा आणि ओल्या गोणपाटात आठवडाभर मुरू द्या.

मधेच उठावं लागलं की काम ओल्या सुती फडक्यात, वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. पोळ्याचा बैल असेल तर शिंगं, कान आधी वाळतात, धड ओलंच राहतं आणि नेमकी सांध्यावर चीर जाते. म्हणून शिंगांना वेगळी ओली चिंधी बांधाच. वैशाखात ती दिवसातून तीनदा भिजवावी लागते. सुटलेलं शिंग जोडताना दोन्ही बाजू खरवडून पातळ चिखल लावा. नुसतं पाणी लावून भागत नाही.

सांडलेली सुकी माती झाडूने झाडू नका, धूळ बाळाच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. प्लास्टर ऑफ पॅरिस रांगत्या मुलाच्या घरात नकोच: घट्ट होताना ते तापतं, इवलासा हात भाजू शकतो.