व्यालेली गाय उठत नसेल तर आधी तिचं अंथरूण बघा

ऊसतोडी सुरू झाली की गव्हाणीत वाढ्यांचाच, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचाच ढीग असतो. वाढ्यातलं ऑक्झलेट खाद्यातलं कॅल्शियम अंगी लागू देत नाही. त्यात भरपूर दुधाची संकरित गाय तिसऱ्या-चौथ्या वेताला व्याली की चिकावाटे कॅल्शियम झपाट्यानं जातं आणि गाय बसते. हाच दुग्धज्वर. बहुतेक वेळा व्याल्यापासून तीन दिवसांच्या आत.

कान गार, नाकपुडी कोरडी, शेण बंद, मान कुशीकडे वळवलेली, ही लक्षणं दिसली की लगेच डॉक्टरांना किंवा 1962 या जनावरांच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा. ताप नाही म्हणून थांबू नका, दुग्धज्वरात अंग गारच पडतं. शिरेतून द्यायची कॅल्शियमची बाटली स्वतः लावू नका. कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. काढा, तेल, गूळपाणी ढोसायचं नाही. तिला नीट गिळता येत नाही, सगळं फुफ्फुसात जातं.

बाटली संपली की आपलं काम संपलं असं आपल्याकडे धरून चालतात. खरं काम तिथून पुढे आहे. चार-पाचशे किलोचं धूड कोब्यावर एका कुशीवर सहा-आठ तास राहिलं तर खालच्या मांडीचं मांस दबून निकामी होऊ लागतं. मग कॅल्शियम भरून निघालं तरी गाय उठत नाही. म्हणून तिला ताडपत्रीवर घेऊन मातीच्या जागेवर सरकवा. पाय किंवा मान धरून ओढू नका. खाली वीतभर पाचट किंवा भुसा, कुशीला पेंढा भरलेली पोती. आडवी पडू देऊ नका, पोट फुगतं. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदला: एकानं डोकं धरायचं, दोघांनी पुठ्ठा ढकलून खाली दबलेला पाय दुसऱ्या बाजूला काढायचा. स्वतः उठू पाहील तेव्हा शेपटीच्या बुडाला आधार द्या. शेपूट पिरगाळून किंवा मारून गाय उठत नसते.

वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजाच, पण पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळून काढू नका.

बाटलीनंतर काही तासांत उठली नाही तर डॉक्टरांना परत बोलवा. फॉस्फरस कमी असेल, वासरू ओढताना नस दबली असेल, खुबा निखळला असेल किंवा कासदाह असेल. चारा-पाणी घेत असेल, नजर तरतरीत असेल तर धीर धरा. अशा गाई चार-पाच दिवसांनीही उभ्या राहतात.

पुढच्या वेताआधी शेवटचे तीन आठवडे वाढे आणि लसूणघास कमी करा. कॅल्शियमच्या बाटल्या मात्र त्या काळात पाजू नका. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतलं कॅल्शियम वापरायची शरीराची तयारी होत नाही.