वजन जास्त, सिझेरियनची शक्यता: भुलेबाबतच्या या चुका टाळा

बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आलेल्या मुलीचं हॉस्पिटल कसं ठरतं? घरापासून जवळ आहे का, बाईडॉक्टर आहेत का, वहिनीचं तिथंच झालं होतं ना, स्पेशल रूम मिळेल का. भूल कोण देणार, हे सहसा कुणी विचारत नाही. मुलीचं वजन बेताचं असेल तर ते खपूनही जातं. वजन बरंच जास्त असेल तर मात्र हा प्रश्न आधी विचारायला हवा. अशा बाईला भूल देणं मुळातच अवघड असतं, आणि रात्री दोन वाजता घाईघाईत द्यावी लागली तर फारच अवघड.

जास्त म्हणजे किती? किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, म्हणजे बीएमआय मिळतो. उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल तर तो ४० येतो. ३० च्या पुढे लठ्ठपणा असं जगभर धरतात. आपल्याकडे २५ पासूनच धरतात. यासाठी वजन घ्यायचं ते गरोदरपणाच्या सुरुवातीचं. माहेरी येताना पहिल्या तीन महिन्यांची फाइल पुण्या-मुंबईच्या कपाटात राहते आणि नेमका तोच आकडा हरवतो. फाइल सोबत आणा.

भूलतज्ज्ञांना थेट ऑपरेशनच्या टेबलावर भेटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लहान प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून बोलावतात. त्यांची त्याच दिवशी इतर ठिकाणीही ऑपरेशनं असतात, आणि ऐन संध्याकाळी फोन गेला तर ते द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलेले असू शकतात. ते पोचेपर्यंत बाळाचे ठोके कमी झाले असतील तर पेशंटची मान, तोंड, पाठ नीट तपासायला वेळच उरत नाही.

म्हणून आठवा महिना संपायच्या आत एकदा भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर बाळंतपणाआधी भूलतज्ज्ञांकडे पाठवावं, असं ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या भेटीत तोंड किती उघडतं, मान किती वळते, मणके हाताला लागतात का, आधीच्या भुलेच्या वेळी काही त्रास झाला होता का, हे पाहतात. तुम्हीही विचारा: लांब सुई आहे का? मणके शोधायला सोनोग्राफी वापरता का? श्वासनलिकेत नळी घालताना आतलं दाखवणारा कॅमेरा आहे का? टेबल किती वजन पेलतं? गरज पडली तर दुसरे भूलतज्ज्ञ येतील का, आयसीयू कुठलं? हे विचारल्यानं डॉक्टर दुखावतील अशी भीती उगाच आहे. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

उत्तरं समाधानकारक नसतील तर सिव्हिल, आडगावचं मेडिकल कॉलेज किंवा आयसीयू असलेलं एखादं मोठं खासगी हॉस्पिटल, यांपैकी कुठं जायचं ते कळा सुरू होण्याआधीच ठरवा. पेठ-सुरगाण्याकडच्या बाईला तर घाट उतरून-चढून यायचं असतं. तिनं तारखेच्या आधीच शहरात नातेवाइकांकडे येऊन राहिलेलं बरं.

‘मला पूर्णच भूल द्या, काही कळायला नको’

भीतीपोटी मागितलेली ही गोष्ट वजनदार पेशंटसाठी सहसा जास्त धोक्याची असते. गरोदर बाईला प्राणवायू जास्त लागतो, आणि वाढलेलं पोट व छातीवरचा भार यांमुळे फुप्फुसातला साठा कमी असतो. पूर्ण भुलेत श्वास थांबला की नळी बसेपर्यंत रक्तातला प्राणवायू झपाट्यानं उतरतो. मान आखूड, गळ्याशी चरबी, गरोदरपणामुळे घशाला सूज. त्यात नळी बसवणं कठीण. शिवाय पोटातलं आम्ल वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते ती वेगळीच.

म्हणून जमेल तिथं कमरेत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालची भूल देतात. पूर्ण भूल लागलीच, तर खांद्या-डोक्याखाली चादरींचा उतार करून कान छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या पातळीत आणतात आणि आधी मास्कनं भरपूर प्राणवायू देतात. टेबल थोडं डावीकडे कललेलं वाटलं तर घाबरू नका. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून हटावा म्हणून ते मुद्दाम कलवतात.

कमरेतल्या इंजेक्शनबद्दलचे गैरसमज

‘त्या इंजेक्शननं जन्मभर कंबर दुखते’ हे प्रत्येक वाड्यात आणि सोसायटीत ऐकायला मिळतं. टोचल्या जागी काही दिवस दुखतं, तेवढंच. बाळंतपणानंतरची कंबरदुखी ही भूल न घेतलेल्या बायकांनाही असते.

खरी अडचण वेगळी आहे. चरबीखाली मणके हाताला लागत नाहीत, त्यामुळे दोन-तीनदा टोचावं लागू शकतं. बाहेर बसलेले काका लगेच निकाल देतात, डॉक्टर शिकाऊ दिसतोय. तसं नसतं. बसून पाठ मांजरासारखी बाहेर काढणं, खांदे सैल सोडणं आणि सुई आत असताना न हलणं, एवढी मदत पेशंटनं केली की काम सोपं होतं. एका पायात करंट गेल्यासारखं वाटलं तर पाय न झटकता तोंडानं सांगा, कुठल्या बाजूला ते सांगा.

भूल अर्धवट लागणं हेही घडतं. अशा वेळी ‘बाईमाणसानं सोसायचं असतं’ म्हणून दात-ओठ खात पडून राहू नका. हात लागल्याचं, ओढल्याचं जाणवणं ठीक आहे. चिरल्यासारखं दुखणं ठीक नाही. ते लगेच बोला. भूलतज्ज्ञ औषध वाढवतील किंवा दुसरी पद्धत वापरतील.

नॉर्मलचा प्रयत्न चालू असेल तर एपिड्युरलची, म्हणजे पाठीतून भुलेचं औषध सोडायची बारीक नळी कळांच्या सुरुवातीलाच घालून ठेवणं शहाणपणाचं. पुढे तातडीचं सिझेरियन ठरलं तर त्याच नळीतून औषध वाढवता येतं आणि पूर्ण भूल टळू शकते. अर्थात ही सोय सगळीकडे नसते, आणि जाड थरात नळी सरकतेही. म्हणून ती नीट काम करतेय ना हे अधूनमधून तपासून घ्यायला सांगा.

ताकदीच्या नावाखाली खाऊ घालणं

‘कळा सोसायला ताकद हवी’ म्हणून कुणीतरी शिरा किंवा तूप घातलेलं दूध पाजतं. ठरलेल्या सिझेरियनआधी हलकं खाणं ६ तास, तळलेलं-तुपकट ८ तास बंद. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दूध हे पाण्यात नाही, खाण्यात मोजतात. चहासुद्धा दुधाचा असेल तर तसाच. चुकून खाल्लं असेल तर सांगून टाका. ऑपरेशन थोडं पुढे ढकलता येतं, किंवा तातडीचं असेल तर आम्ल कमी करणारं औषध देऊन सुरू करतात.

न सांगितलेल्या गोष्टी

घोरणं सांगायला लाज वाटते. पण झोपेत श्वास अडकून दचकून जाग येत असेल, दिवसा डुलक्या येत असतील, तर ते भूलतज्ज्ञांना कळायलाच हवं, कारण ऑपरेशननंतरची काही वेदनाशामकं अशा पेशंटचा श्वास मंदावतात. तिला पहिली रात्र प्राणवायूचं मोजमाप चालू ठेवून, डोकं उंच करून झोपवतात. मशरी किंवा तंबाखूही सासूबाईंसमोर नाही, तर एकटीला भेटून सांगा.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी घेतलं ती वेळ कागदावर लिहून ठेवा. एनोक्सापॅरिनसारख्या हेपॅरिनच्या कमी मात्रेनंतर साधारण १२ तास आणि मोठ्या मात्रेनंतर २४ तास गेल्याशिवाय कमरेत सुई घालत नाहीत. अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी सहसा आड येत नाही, तरी सांगा. आणि बीपी मोजताना पट्टा दंडाला पुरेसा मोठा हवा; लहान पट्ट्यानं बीपी खोटंच जास्त दिसतं.

डोहाळजेवणाची काळी मेंदी आणि नेलपॉलिश किमान एका बोटाला तरी नको, प्राणवायू मोजायची क्लिप तिथं लागते.

घरी गेल्यावर ‘बाळंतीण सव्वा महिना उठायची नाही’ हा नियम इथं घातक ठरतो. वजन आणि बाळंतपण दोन्हींमुळे पायात गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. डॉक्टर सांगतील तसं लवकर चालायला लागा, इंजेक्शनं दिली असतील तर मधेच बंद करू नका. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करून लगेच हॉस्पिटल गाठा. आणि बसल्यावर वाढणारी, आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी असेल तर ज्यांनी भूल दिली त्यांनाच कळवा. त्यावर उपाय आहे.