स्पेनच्या खेड्यात मित्रांकडे राहायला येताय? या चुका टाळा

स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या दक्षिणेला, सिएरा नेवादा डोंगररांगेच्या उतारावर अल्पुहारा नावाचा मुलूख आहे. तिथे ओर्हिवा गावाच्या वरच्या अंगाला आमचं घर. दर उन्हाळ्यात पुण्याहून, लंडनहून कोणी ना कोणी येतं, घर भरून जातं आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्याच त्या चुकांपायी लोकांची सुट्टी वाया जाताना पाहून जीव हळहळतो.

सगळ्यात आधी आगीचं सांगते. अंदालुसियात, म्हणजे आमच्या या दक्षिण स्पेनच्या प्रांतात, 1 जून ते 15 ऑक्टोबर या काळात रानात आणि रानालगतच्या पट्ट्यात उघड्यावर जाळ करायला बंदी असते. तीन वर्षांपूर्वी जुलैत पुण्याचे मित्र आले होते. बाजारात काळीभोर वांगी दिसली आणि त्यांनी ठरवूनच टाकलं, "वहिनी, आज चुलीवरचं भरीत!" मी नको म्हटलं आणि खाली गावात गेले. परत येते तो घरामागे दगडांची चूल, त्यात ऑलिव्हच्या वाळक्या काटक्या. ऑलिव्ह भडकन पेटतं, आणि संध्याकाळी आमच्या दरीत वारा सुटतोच. एक ठिणगी बांधावरच्या गवतात पडली. शेजारचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, पाण्याची नळी ओढत धावत आले. खाटेएवढा तुकडाच जळाला, पण आग विझल्यावर आजोबा त्या काळ्या गवताजवळ तासभर बसून राहिले. मध्येच वाकून तळवा जमिनीवर ठेवायचे, ऊब राहिली आहे का पाहायला. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून पाहुणे आले की काडेपेटी मी वरच्या फळीवर ठेवते आणि भरीत गॅसवर करते. धुराचा वास कमी येतो, चालेल.

दुसरी चूक म्हणजे यादी. सेव्हिया, कोर्दोबा, रोंदा, सगळं आठ दिवसांत आणि मुक्काम आमच्याकडे! अहो, ग्रानादा गाठायलाच आमच्याकडून तासभर लागतो आणि तिथून सेव्हिया आणखी अडीचशे किलोमीटर. रोज पहाटे निघायचं, रात्री घाटातून परत यायचं, मग यजमानांशी बोलणार कधी? आमच्या घरचा नियम असा की आठवड्यात गाडी दोनदाच लांब जाईल. त्यातला एक दिवस आलाम्ब्राचा, म्हणजे ग्रानादातल्या जुन्या मुस्लिम राजांच्या किल्ल्याचा. तिथलं तिकीट नावानिशी असतं, त्यातल्या नासरी महालांत शिरायची वेळ ठरलेली असते आणि हंगामात तिकिटं फार लवकर संपतात. विमानाचं आरक्षण झालं की त्याच दिवशी हे काढा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. बाकी दिवस पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही एकाच दरीतली तीन पांढरी गावं पायी पाहा. चढ आहे, पण कुठे पोचायची घाई नाही.

व्हिसासाठी मित्राने "या, घर तुमचंच आहे" असा ईमेल पाठवून भागत नाही. यजमानाला आपल्या भागातल्या राष्ट्रीय पोलीस ठाण्यातून 'कार्ता दे इन्विटासियोन', म्हणजे निमंत्रणपत्र, काढावं लागतं. त्याला आठवडे जातात, वर मूळ पत्र भारतात पोचवायचं असतं. घाईघाईने महिनाभर आधी फोन करणाऱ्यांना मी सरळ म्हणते, पुढच्या वर्षी या.

दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या उघडू नका. इथल्या जाड दगडी भिंती रात्रीचा गारवा धरून ठेवतात. सकाळी दहाला झडपा बंद, रात्री उघड्या.

दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात ती पाच-साडेपाचला उघडतात. रविवारी दूध मिळेल असं धरून चालू नका.

शाकाहारी असाल तर "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढं सांगून थांबू नका. पुष्कळांच्या लेखी हामोन (डुकराचं खारवून वाळवलेलं मांस) आणि ट्यूना मासा मांसात मोडत नाहीत. दोन्हींची नावं घेऊन नको म्हणा.

आणि घरामागच्या पाटात खेळताना दगड हलवू नका. त्याला इथे आसेकिया म्हणतात. मुस्लिम राजवटीपासून हे पाट वाहताहेत आणि आपल्याकडच्यासारखीच पाण्याची पाळी असते. गेल्या ऑगस्टमध्ये पाहुण्यांच्या मुलाने दगड सरकवून छोटं धरण बांधलं. त्या रात्री पाळी आजोबांची होती. दोन वाजता ते टॉर्च घेऊन वर आले, दगड जागेवर लावला आणि पाणी त्यांच्या बदामांकडे वळेपर्यंत मी त्यांच्याबरोबर उभी राहिले.