मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थराची मोबिलिटी कशी मोजावी

मोबिलिटी म्हणजे विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचं माप. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या पातळ थरांच्या अर्धवाहकाचा तुकडा एकाच थराचा आहे ना, हे आधी रामन वर्णपटात (विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या वर्णपटात) बघा. दोन शिखरांमधलं अंतर प्रति सेंमी १८-१९ आलं तर ठीक. २५ च्या जवळ गेलं तर तुकडा जाड आहे. खाली ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेली, भरपूर डोप केलेली (भेसळ घालून वाहक बनवलेली) सिलिकॉन वेफर लागेल. तिचं सिलिकॉन हेच गेट, म्हणजे व्होल्टेज देऊन तुकड्यातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त करणारं टोक.

तुकडा प्लाझ्माने एच करून (कोरून) सरळ पट्टी करा. रुंदी बदलत गेली तर पुढचा आलेख सरळ येत नाही. पट्टीवर पाच कॉन्टॅक्ट टाका, मधली अंतरं ०.५, १, २ आणि ४ मायक्रॉन. सोनं चढवताना निर्वात जितका चांगला, तितका कॉन्टॅक्टचा रोध कमी. तो बऱ्याचदा काही किलोओहम-मायक्रॉन असतो. २०२१ मध्ये बिस्मथने तो १२३ ओहम-मायक्रॉनवर आणला.

मापन निर्वातातच करा. हवेतलं पाणी चार्ज अडकवतं आणि गेट व्होल्टेज वर नेताना नि खाली आणताना दोन वेगळ्या रेषा मिळतात. रेषांमध्ये बरीच फट दिसली तर चिप निर्वातात सुमारे १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवा.

आता हिशेब. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडची कपॅसिटन्स प्रति चौरस सेंमी ११.५ नॅनोफॅरड. चॅनेलची, म्हणजे दोन कॉन्टॅक्टमधल्या पट्टीची, लांबी-रुंदी सारखी आणि ड्रेनला (करंट गोळा करणाऱ्या कॉन्टॅक्टला) ०.१ व्होल्ट असताना गेटच्या प्रत्येक व्होल्टमागे करंट २३ नॅनोअँपिअर वाढला, तर २३ ला ११.५ आणि ०.१ ने भागून मोबिलिटी २० येते (चौरस सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद). यावर लगेच विश्वास ठेवू नका. गेट कॉन्टॅक्टखालचा अडथळाही बदलतं, त्यामुळे हा आकडा कमी येऊ शकतो, तसाच फुगूही शकतो. करंट-गेट व्होल्टेज आलेखाच्या उताराला टोकदार शिखर दिसलं तर फुगल्याचा संशय घ्या.

म्हणून चारही अंतरांचा रोध, रुंदीने गुणून, लांबीसमोर मांडा. पण सारख्या गेट व्होल्टेजला नाही, सारख्या इलेक्ट्रॉन-घनतेला. प्रत्येक चॅनेलचा थ्रेशोल्ड (करंट सुरू होण्याचं गेट व्होल्टेज) वेगळा असतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. थ्रेशोल्डवरच्या प्रत्येक व्होल्टला घनता ७.२ × १०¹⁰ प्रति चौरस सेंमी वाढते. रेषेचा उतार म्हणजे शीट रोध (एका चौरसाचा रोध), मोबिलिटी त्यावरून. शून्य लांबीवरचा छेद म्हणजे दोन्ही कॉन्टॅक्टचा रोध. छेद ऋण आला तर थ्रेशोल्ड पुन्हा तपासा.

वर दुसरं गेट असेल तर ते अधांतरी सोडू नका. २०११ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून आलेला मोबिलिटीचा सुमारे २०० चा गाजलेला आकडा नेमका याच मुद्द्यावर वादात सापडला: वरचं गेट खालच्या गेटशी जोडलं जाऊन खरी कपॅसिटन्स वाढते, सूत्रात मात्र जुनीच राहते. वरचं गेट ग्राउंड करा, नाहीतर हॉल मापनाने (चुंबकीय क्षेत्र लावून) घनता थेट काढा.