जर्मनमधलं अनेकवचन आणि ‘डी’: सर्वसाधारण विधान करताना या चुका टाळा

‘मुलं जिज्ञासू असतात’ हे वाक्य जर्मनमध्ये लिहायला सांगितलं, तर बी-१ (भाषाशिक्षणातली मधली पातळी) पर्यंत पोचलेले विद्यार्थीही पुष्कळदा ‘डी किंडर झिंड नॉयगीरिश’ असं लिहितात. रचनेत काहीच खोट नसते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. पण जर्मन वाचक या वाक्याचा अर्थ बहुधा ‘ती मुलं जिज्ञासू आहेत’ असा घेतो आणि आधी कुठल्या मुलांचा विषय चालला होता ते शोधू लागतो. एकूणच मुलांबद्दल बोलायचं असेल तर आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारा हा ‘डी’, नको: ‘किंडर झिंड नॉयगीरिश’.

मूळ आहे शब्दांच्या वहीत. ‘डास किंट, डी किंडर’ (मूल, मुलं) असं आपण घोकतो. लिंग लक्षात राहावं म्हणून ते योग्यच आहे, पण त्यामुळे ‘डी’ हा अनेकवचनाचाच भाग वाटू लागतो. तसं नाही. ‘आइन किंट’चं (एक मूल) अनेकवचन नुसतं ‘किंडर’, कारण ‘आइन’ला अनेकवचनच नाही. शाळेत आधी फ्रेंच घेतलेल्यांनी जास्त जपावं. तिथे सर्वसाधारण विधानातही ‘ले’ हे आर्टिकल लागतं आणि तीच सवय जर्मनमध्ये उतरते.

खरं तर या बाबतीत मराठी माणसाच्या हाती एक उत्तम साधन आहे आणि वर्गात ते फारसं वापरलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. ‘मुलं जिज्ञासू असतात’ आणि ‘मुलं जिज्ञासू आहेत’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. मराठी हा फरक क्रियापदातून दाखवते. जर्मनमध्ये दोन्हीकडे ‘झिंड’च, त्यामुळे तो भार आर्टिकलवर येतो. वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. ‘असतात’ आलं तर ‘डी’ गाळा, ‘आहेत’ आलं तर बहुतेक वेळा ‘डी’ लावा. ‘मुलं दूध पितात’ अशा वाक्यात मात्र ही खूण मिळत नाही. तिथे ‘कुठली मुलं?’ असं स्वतःला विचारा. बोट दाखवून उत्तर देता आलं, तर ‘डी’.

दुसरी चूक थेट मराठीतून येते. ‘कुत्रा इमानी असतो’ असं आपण एकवचनातही सहज म्हणतो, मग जर्मनमध्ये ‘हुंट इस्ट ट्रॉय’ लिहिलं जातं. हे मात्र सरळ चूक आहे. मोजता येणारं नाम एकवचनात असं उघडं राहत नाही. ‘हुंडे झिंड ट्रॉय’ म्हणा, किंवा एकवचनच हवं असेल तर ‘डेअर हुंट’ नाहीतर ‘आइन हुंट’. पहिला पर्याय सगळ्यात सुरक्षित. दूध, सोनं यांसारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टी मात्र एकवचनातही आर्टिकलशिवाय येतात.

नकारातही हाच भेद आहे. मांजरंच आवडत नसतील तर ‘इश माग काइने काट्सेन’. ‘इश माग डी काट्सेन निश्ट’ म्हणालात, तर शेजारच्यांची ती ठरावीक मांजरं आवडत नाहीत असं ऐकणाऱ्याला वाटेल.

आता ‘डी’ लागतोच अशा जागा. एखाद्या समूहाने मिळून काही केलं असेल तर आर्टिकल हवं: ‘डी र्योमर हाबेन क्योल्न गेग्र्यून्डेट’, म्हणजे रोमनांनी कोलोन वसवलं. ‘डी’ काढला तर ‘काही रोमनांनी’ असा अर्थ होतो. एखाद्या देशाचे लोक एकत्र धरतानाही ‘डी डॉइचेन’ हे अगदी स्वाभाविक आहे. मराठीत ‘जर्मन लोक कॉफी पितात’ म्हणताना ‘असतात’ची कसोटी इथे कामी येत नाही, हे ध्यानात ठेवा. ‘बहुतेक’साठी ‘डी माइस्टेन’. त्यातला ‘डी’ कधीच गाळायचा नाही. ‘माइस्टे डॉइचे’ हे निबंधांत हमखास दिसतं आणि ते चुकीचं आहे.

‘डी’ गाळताना शेवटचं अक्षर बदलायला विसरणं, ही सर्वांत चिवट चूक. विशेषणापासून बनलेल्या नामांत ती हटकून होते: ‘डी डॉइचेन’, पण नुसतं ‘डॉइचे’. ‘डी युगेंटलिशेन’ (किशोरवयीन मुलं), पण ‘युगेंटलिशे’. विशेषण लावलं तरी तेच: ‘डी क्लाइनेन किंडर’ (लहान मुलं), पण ‘क्लाइने किंडर’. ‘फीले’ (पुष्कळ) नंतर ‘क्लाइने किंडर’ आणि ‘आले’ (सगळी) नंतर मात्र ‘क्लाइनेन किंडर’. हे दोन शब्द शेजारी लिहून पाठ करा, नाहीतर गोंधळ जात नाही.

डाटिव्हमध्ये (आपल्या चतुर्थीसारख्या विभक्तीत) उलट गंमत होते. आर्टिकल गेलं तरी शेवटचा ‘न’ जात नाही: ‘मिट किंडर्न’ (मुलांबरोबर). षष्ठीत तर नुसतं नाम चालतच नाही, कारण विभक्ती दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून मुलांचे हक्क म्हणजे ‘डी रेश्टे फॉन किंडर्न’ किंवा ‘डी रेश्टे डेअर किंडर’. मध्ये विशेषण आलं तर ते विभक्ती दाखवतं, मग ‘डी रेश्टे क्लाइनर किंडर’ बिनदिक्कत लिहा.